सैनिकी स्मृतिदिन
राष्ट्राच्या सेनादलांची स्थापना, एखादा विजय किंवा युद्धात पडलेल्यांचे बलिदान यांचे स्मरण म्हणून शासनाने वा समाजाने ठरविलेला वार्षिक दिवस. अशा दिवसांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) सेनेच्या वा तिच्या एखाद्या शाखेच्या स्थापनेचा दिन, (२) विजयदिन आणि (३) मृत सैनिकांचा स्मरणदिन व त्यास जोडून येणारा निधिसंकलनाचा दिन. मराठीत विजयदिन ‘साजरा’ होतो, तर स्मरणदिन ‘पाळला’ जातो. या दोन क्रियापदांत अशा दिवसांचे द्विविध स्वरूप उघड होते. एकात उत्सव आहे, तर दुसऱ्यात व्रत आहे. प्रत्यक्षात बहुतेक दिवसांत दोहोंचे मिश्रण आढळते आणि कोणता अंश अधिक, यावरून त्या समाजाचा आपल्या सेनेशी असलेला संबंध कळून येतो.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात सैनिकी दिवसाची कल्पना नवी नाही. पावसाळा संपून नद्यांना उतार पडला, की मराठी फौजा मोहिमेस निघत आणि त्याचा मुहूर्त विजयादशमीचा असे. आदल्या दिवशी, खंडेनवमीस, शस्त्रांची पूजा होई. दसऱ्यास गावाची सीमा ओलांडून शमीपूजन करावयाचे आणि आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून वाटावयाची, हा सीमोल्लंघनाचा अर्थात शिलंगणाचा विधी मुळात सैनिकी स्वरूपाचा आहे. हा दिवस कोणत्याही एका लढाईचा नव्हता. ऋतुचक्र, शेती व शिपाईगिरी यांच्या मेळातून तो आला होता, कारण पेरणी करणारा आणि भाला घेणारा माणूस बहुधा एकच असे. राज्ये गेली, तरी खंडेनवमी टिकली. तलवारीच्या जागी नांगर, लेखणी, मोटार व यंत्र आले, एवढाच फरक पडला.

विशिष्ट दिनांकाशी निगडित असलेला, शासनाने घोषित केलेला आणि सर्व नागरिकांनी एकाच वेळी पाळावयाचा सैनिकी दिन ही मात्र आधुनिक राष्ट्रराज्याची निर्मिती होय. सक्तीची सैन्यभरती आणि पहिल्या महायुद्धातील प्रचंड प्राणहानी यांमुळे त्याला व्यापक रूप आले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शस्त्रसंधी झाला आणि पुढील वर्षापासून ब्रिटिश साम्राज्यात त्या दिवशी दोन मिनिटे स्तब्धता पाळण्याची प्रथा पडली. राजा वा सेनापती याच्याऐवजी सामान्य शिपाई स्मरणाच्या केंद्रस्थानी आला, हा या प्रथेचा विशेष होय.

रशियातील परंपरा : शासनाने ठरविलेला दिवस लोकजीवनात कसा मुरतो, याचे रशिया हे बोलके उदाहरण आहे. लाल सेनेच्या स्थापनेचा हुकूम जानेवारी १९१८ मध्ये निघाला. त्याचा पहिला वाढदिवस साजरा करण्यास उशीर झाल्याने १९१९ मध्ये तो २३ फेब्रुवारी या रविवारी साजरा करण्यात आला. पुढे तीच तारीख कायम झाली. १९१८ मध्ये त्या दिवशी प्स्कॉव्ह व नार्व्हा येथे जर्मनांवर विजय मिळाला, असे समर्थन मागाहून रूढ झाले. इतिहासकारांना ते मान्य नाही. १९४९ पासून हा दिवस सोव्हिएट भूसेना व नौसेना दिन म्हणून ओळखला जाई. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर १९९५ मध्ये त्यास ‘पितृभूमीच्या रक्षकाचा दिन’ हे नाव मिळाले आणि २००२ पासून तो सार्वजनिक सुटीचा दिवस झाला. मॉस्कोमध्ये क्रेमलिनलगतच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्रे वाहिली जातात. घरोघरी मात्र त्याचे स्वरूप निराळे आहे. सेनेत असो वा नसो, वडील, भाऊ, पती, मुलगा, कचेरीतील सहकारी अशा सर्व पुरुषांना त्या दिवशी स्त्रिया भेटी देतात आणि पंधरवड्याने ८ मार्च या महिलादिनी पुरुष त्याची परतफेड करतात. सेनादिन अशा प्रकारे पुरुषदिन बनला आहे.

९ मे हा नाझी जर्मनीवरील विजयाचा दिन अधिक गंभीर असतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएट संघातील सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. असे असूनही १९४७ च्या अखेरीस त्या दिवसाची सुटी रद्द झाली व ती १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१२ मध्ये टॉम्स्क शहरात युद्धात लढलेल्या आप्तांची छायाचित्रे हाती घेऊन नागरिकांनी मिरवणूक काढली. ‘अमर पलटण’ या नावाने ही प्रथा देशभर पसरली आणि लवकरच तिची सूत्रे शासनाकडे गेली. लोकांनी सुरू केलेले स्मरण शासन आपलेसे करते आणि शासनाने घातलेली तारीख लोक आपल्या सोयीने वळवून घेतात. या दोन्ही प्रक्रिया महाराष्ट्रातही दिसून येतात.

ब्रिटिश अमदानी : कोरेगाव भीमा (पुणे जिल्हा) येथे १ जानेवारी १८१८ रोजी कंपनी सरकारची एक तुकडी आणि पेशव्यांची फौज यांच्यात लढाई झाली. तिच्या स्मरणार्थ कंपनीने उभारलेल्या स्तंभावर आपल्या बाजूच्या मृत सैनिकांची ४९ नावे कोरली असून त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा त्या काळी महार समाजात रूढ असलेला प्रत्यय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली. त्यामुळे तो स्तंभ भरतीचा हक्क मागणाऱ्यांचा पुरावा बनला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे भेट दिली व त्यानंतर त्या दिवसाला निराळा अर्थ प्राप्त झाला. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. आज १ जानेवारीस तेथे लक्षावधी लोक जमतात, ते कंपनीचा विजय साजरा करण्यासाठी नव्हे, तर मानवी प्रतिष्ठेच्या लढ्यातील टप्पा म्हणून. २०१८ मध्ये, द्विशताब्दीच्या दिवशी, या परिसरात हिंसाचार होऊन एका तरुणाचा मृत्यू झाला. शासकीय पंचांगात नसलेला दिवसही किती जिवंत असू शकतो, हे यावरून लक्षात येते.

पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी लोक परदेशी गेले आणि सुमारे ७४,००० मृत्यू पावले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्यांत होते. तेथे ब्रिटिश सरकारने स्मृतिस्तंभ उभारला. घरटी सैनिक देण्याच्या परंपरेमुळे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण १६७० मधील सिंहगडाच्या विजयाची तारीख म्हणून ४ फेब्रुवारीस ‘मराठा दिन’ पाळते. ब्रिटिशांनी बांधलेल्या पलटणीने आपल्या दिवसासाठी शिवकाल निवडावा, हे अर्थपूर्ण आहे.

स्वातंत्र्योत्तर दिवस : १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा यांनी जनरल बुचर यांच्याकडून सरसेनापतिपदाची सूत्रे स्वीकारली. तो दिवस भूसेना दिन म्हणून पाळला जातो. त्याचे मुख्य संचलन दीर्घकाळ दिल्लीत होत असे. २०२३ पासून ते अन्य शहरांत होऊ लागले आणि २०२५ मध्ये ते पुण्यात खडकी येथे पार पडले. वायुसेना दिन ८ ऑक्टोबरला (स्थापना १९३२) असतो.

ब्रिटिश अमदानीत ११ नोव्हेंबरला कागदी खसखशीची फुले विकून सैनिकांसाठी निधी जमविला जाई. त्याऐवजी १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन झाला. लाल, गडद निळा व फिकट निळा हे या छोट्या कागदी ध्वजाचे रंग अनुक्रमे भूसेना, नौसेना व वायुसेना यांचे निदर्शक आहेत. निधीचा विनियोग युद्धात मृत वा अपंग झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी होतो. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये हे काम पाहतात. जिल्हाधिकारी कचेरीकडून शासकीय कार्यालये, शाळा, नगरपालिका यांना संकलनाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते आणि उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्यांचा सत्कार होतो. या पद्धतीने निधी खात्रीने जमतो. तथापि ऐच्छिक देणगीला हिश्शाचे रूप येते, हा तिचा दोष होय. छातीवर ध्वज लावणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोणासाठी आहे हे सांगितले गेले, तरच दिवसाचा हेतू सफल होतो.

नौसेना दिन (४ डिसेंबर) मुंबईशी विशेष निगडित आहे. १९७१ च्या युद्धात त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. या नौका सोव्हिएट बनावटीच्या होत्या व त्यांवरील नौसैनिकांचे प्रशिक्षणही सोव्हिएट संघात झाले होते. पूर्वी अन्य तारखांना होणारा नौसेना दिन १९७२ पासून ४ डिसेंबरला आला. गेटवे ऑफ इंडियासमोर होणारे नौसेनेचे सायंकालीन संचलन पाहण्यास मुंबईकर गर्दी करतात. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवनजीक ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्यू पावले. विजयाची तारीख सर्वांना ठाऊक असते, तर हानीची बहुधा संबंधित कुटुंबांनाच लक्षात राहते. २०२३ चा नौसेना दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात साजरा झाला. त्या निमित्ताने मालवणच्या राजकोट किल्ल्यावर उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. दिवस गाठण्यासाठी केलेल्या कामाच्या दर्जाविषयी त्यामुळे महाराष्ट्रात तीव्र प्रतिक्रिया उमटली.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. तो विजयदिन होय. कराड येथे माजी सैनिकांच्या पुढाकाराने दरवर्षी विजय दिवस समारोह भरतो. सेनेची प्रात्यक्षिके, शस्त्रप्रदर्शन आणि वीरमाता व वीरपत्नी यांचा गौरव ही त्याची अंगे असून पंचक्रोशीतील ग्रामीण जनता तेथे मोठ्या संख्येने येते. ज्या भागातून भरती होते, त्याच भागात तो समारंभ होत असल्याने मैदानावरील सैनिक प्रेक्षकांना परका वाटत नाही. कारगिल विजयदिन २६ जुलैला असतो (१९९९, भारतीय मृत ५२७).

अंबरनाथ व आयुध निर्माणी दिन : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर हा पट्टा सैनिकी इतिहासाचा निराळा पैलू दाखवितो. येथे रणांगण नाही. शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी (शके ९८२, इ. स. १०६०) विख्यात असलेल्या या भागाचे आधुनिक रूप मात्र युद्धाने घडविले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी वसविण्यात आली. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘पाच’पर्यंतचे पत्ते लोकांच्या तोंडी अद्यापि आहेत. छावणीच्या या स्मृतीला कोणताही दिन नाही. ती केवळ पत्त्यात उरली आहे.

लगतच्या अंबरनाथला विसाव्या शतकाच्या मध्यास संरक्षण-उत्पादनाचे कारखाने आले. येथील आयुध निर्माणीत पितळ, ॲल्युमिनियम यांसारख्या अलोह धातूंचे काम होते. यंत्र-हत्यारांचे आद्य नमुने तयार करण्यासाठी उभारलेला दुसरा कारखाना स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील असून त्याच्या उभारणीस स्विस तंत्रज्ञांचे साहाय्य झाले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौसेना सामग्री संशोधन प्रयोगशाळाही अंबरनाथमध्येच आहे. पाणबुडीला दीर्घकाळ पाण्याखाली राहता यावे म्हणून इंधनघटावर चालणारी शक्तियंत्रणा या प्रयोगशाळेने विकसित केली. समुद्रापासून दूर असलेल्या या गावाचा नौसेना दिनाशी असा आतून संबंध पोहोचतो.

या गावाचा स्वतःचा सैनिकी दिवस म्हणजे १८ मार्च, आयुध निर्माणी दिन. १८ मार्च १८०२ रोजी कलकत्त्याजवळील काशीपूर येथील तोफगाड्यांच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. ही देशातील आयुध निर्माणींच्या परंपरेची आरंभतिथी मानली जाते व २००२ मध्ये तिची द्विशताब्दी झाली. वस्तुतः ईशापूर येथे बंदुकीच्या दारूचे उत्पादन त्यापूर्वीच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, सुरू झाले होते. तेव्हा येथेही तारीख इतिहासाइतकीच सोयीने ठरली, असे म्हणावे लागते. शिवाय काशीपूरच्या तोफगाड्यांनी कंपनीची सत्ता वाढविली. पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, कंपनी व मराठे यांच्यात असई येथे लढाई झाली. मराठी कामगारांनी ही तारीख स्वतःची मानली, ती तिच्या उगमामुळे नव्हे, तर स्वतंत्र भारतात त्यांनी केलेल्या कामामुळे.

आयुध निर्माणींत या दिवशी ध्वजारोहण होते, उत्कृष्ट कामगारांचा गौरव केला जातो आणि उत्पादनांचे प्रदर्शन भरविले जाते. एरवी प्रवेशद्वारावर कडक तपासणी असणाऱ्या या संस्थांत कामगारांच्या कुटुंबीयांना, विद्यार्थ्यांना व नागरिकांना त्यांच्या कामाचे फलित पाहावयास मिळते, हे या प्रदर्शनाचे महत्त्व होय. गोपनीयतेच्या बंधनामुळे आपण काय घडवितो हे घरी सांगण्यास संकोच बाळगणाऱ्या माणसाला आपले काम मुलाबाळांना दाखविण्याची ती संधी असते. याशिवाय खंडेनवमीला अन्य कारखान्यांप्रमाणे येथेही यंत्रपूजेची परंपरा आहे. आयुधे घडविणाऱ्या यंत्रांना हार घालताना जुने शस्त्रपूजन आणि नवे कारखानदारी जीवन एकत्र येतात.

या दिवसामागील संस्था मात्र बदलली आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेले आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून विसर्जित झाले. त्याच्या ४१ निर्माणी सात शासकीय कंपन्यांत विभागल्या गेल्या. महाराष्ट्रातील दहा निर्माणीही अनेक कंपन्यांत वाटल्या गेल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, तर यंत्र-हत्यारांचा कारखाना चेन्नईनजीकच्या आवडी येथील आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडकडे गेला. एकाच गावातील दोन शेजारी कारखाने दोन कंपन्यांचे झाले. कामगार संघटनांनी या बदलास विरोध केला होता. त्याच वर्षी संसदेने अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपास मनाई करणारा कायदा केला. उत्पादनात लवचिकता व जबाबदारी येईल, ही शासनाची भूमिका होती, तर सेवाशर्ती व कामाची हमी धोक्यात येईल, ही कामगारांची भीती होती. मंडळ गेले, तरी १८ मार्च हा दिवस निर्माणींनी सोडला नाही. संस्थेची सनद बदलली, तरी तिच्यात काम करणाऱ्यांच्या मनातील तिची ओळख तारखेच्या रूपाने टिकते, असे यावरून दिसते.

स्मरणाच्या मर्यादा : सैनिकी दिनांच्या यादीत कोण येते यापेक्षा कोण येत नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारा सैनिक नसतो. तथापि जोखीम त्यालाही असते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनास त्या वेळी दोनच दिवस उरले होते. अशा मृत्यूंना राष्ट्रीय पातळीवर निराळा स्मृतिदिन नाही. हे अशक्य नाही, हे मुंबईनेच दाखविले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा वाहणाऱ्या बोटीचा स्फोट झाला. त्या आगीशी झुंजताना ६६ अग्निशामक कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन देशभर पाळला जातो. तेथे विजय नव्हता व शत्रूही नव्हता, केवळ कर्तव्य होते. तरीही दिवस टिकला आहे.

सैनिकी दिनांत संचलन व शस्त्रप्रदर्शन यांनाच प्राधान्य मिळाले, तर त्यांचे रूपांतर केवळ सामर्थ्याच्या देखाव्यात होते, अशी टीका अनेक देशांत झाली आहे. उलट, ज्या समाजातून सैनिक येतात त्याला आपल्या माणसांचा सन्मान व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे आणि स्मरणाविना कल्याणनिधीही आटतो. अपशिंग्याचा स्तंभ, कोरेगावचा मेळा, कराडचा समारोह आणि अंबरनाथसारख्या गावांतील १८ मार्च यांत एक गोष्ट समान आहे. शासनाने दिलेल्या तारखेत वा दगडात लोकांनी आपली नावे शोधली. ज्या दिवसात अशी नावे सापडतात तो दिवस टिकतो. ज्यात ती सापडत नाहीत, तो कचेरीच्या परिपत्रकापुरता उरतो.